लेख यंत्राचा, जबाबदारी कुणाची?

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. सोमवार हा आमच्या सल्ला केंद्राचा गर्दीचा दिवस. त्या दिवशी गावात बाजार असतो आणि बायकांना घरातून निघायला निमित्त मिळतं. त्या गर्दीत एक बाई आली. तिशीच्या आतली, कडेवर दोन वर्षांची मुलगी. लग्नाला सहा वर्षं झालेली. नवऱ्याची मारहाण, सासूचा जाच, आणि चार महिन्यांपूर्वी ‘घर माझ्या नावावर आहे, चालती हो’ असा सासूनं दिलेला दम. ती निघाली. माहेरी भावाकडे राहिली. आता तिथंही कुरकुर सुरू झाली म्हणून आमच्याकडे आली होती.

मी सवयीनं विचारलं, “घर सोडायच्या आधी का नाही आलीस? राहत्या घरात राहायचा तुला हक्क होता.”

ती म्हणाली, “ताई, मी तुमचंच वाचलं की मोबाइलवर. घर सासूच्या नावावर असलं तर सुनेचा हक्क लागत न्हाई, असं लिव्हलंय त्यात. मग म्हणलं, भांडून काय उपयोग?”

मी म्हणाले, आमचं नसेल ते. तिनं मोबाइल काढून दाखवला. वर आमच्या संघटनेचं बोधचिन्ह, खाली केंद्राचा पत्ता आणि वेळ. लेख आमचाच होता. आमच्या वेबसाइटचं काम माझ्याकडे आहे, तेव्हा लेख माझाच होता. आणि तो मी लिहिलेला नव्हता. तो संगणकातल्या ‘लेखन-मदतनिसा’नं, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या एका प्रोग्रॅमनं लिहिला होता. मी तो वरवर वाचून पुढं ढकलला होता.

ही चूक आमच्या बैठकीत मी कबूल केली. इथंही करते आहे, कारण गेल्या दोन वर्षांत अनेक संस्था-संघटना हीच वाट धरताना मला दिसताहेत. प्रत्येकीनं स्वतः ठेच खाऊनच शिकायला हवं असं नाही.

ही वाट का धरली

आमची वेबसाइट सहा-सात वर्षांपासून होती, पण नसल्यासारखीच. स्थापनेचं वर्ष, उद्दिष्टं, मेळाव्याचे फोटो, बस्स. एके दिवशी आमच्यातल्या एका तरुण कार्यकर्तीनं मोबाइलवर ‘नवरा मारतो काय करू’ असं लिहून शोधून दाखवलं. काय काय आलं म्हणता? वकिलांच्या जाहिराती. नवरा वश करण्याचे तोडगे सांगणारे बाबा. ‘संसार टिकवण्याचे सात उपाय’. आणि बायकांच्या ‘खोट्या’ तक्रारींपासून नवऱ्यांनी कसं वाचावं, हे सांगणारा एक व्हिडिओ. आम्ही कुठंच नव्हतो. आमचं केंद्र त्या मुलीच्या घरापासून दोन किलोमीटरवर, पण तिच्या हातातल्या फोनमध्ये आमचा मागमूस नाही.

हे मला फार लागलं. आपण एसटी स्टँडच्या भिंती रंगवल्या, रेशनच्या रांगेत पत्रकं वाटली, पाणवठ्यावर बैठका घेतल्या. का? तर बाई जिथं असते तिथं आपण असायला हवं म्हणून. आज ती रात्री सगळे झोपल्यावर, पांघरुणाखाली, फोनमध्ये शोधत असते. मग तिथं आपण नको का?

‘शोधात सापडेल असा लेख’ हा प्रकार काय असतो ते थोडक्यात सांगते. शोधयंत्र आधीच असंख्य पानं वाचून त्यांची सूची करून ठेवतं. कुणी काही विचारलं की पानाचं शीर्षक, पोटशीर्षकं, मजकुरातले शब्द, दुसऱ्या कुणी त्या पानाचा दिलेला दुवा, अशा अनेक गोष्टींवरून ते पानांचा क्रम लावतं. म्हणून असे लेख लिहिणारे आधी लोक कोणत्या शब्दांनी शोधतात ते पाहतात. तोच प्रश्न शीर्षकात घेतात, पहिल्याच परिच्छेदात उत्तर देतात, तुकडे पाडून पोटशीर्षकं देतात. जाहिरातवाल्यांनी हे तंत्र साबण आणि विमा विकायला वापरलं. पण तंत्र म्हणून त्यात वाईट काही नाही. जिचा प्रश्न आहे तिच्या प्रश्नापासून सुरुवात करा, हे तर आपण शिबिरांत सांगत आलो आहोत.

अडचण होती वेळेची. सकाळी केंद्र, दुपारी कोर्ट नाहीतर पोलिस स्टेशन, संध्याकाळी गृहभेटी. एक धड लेख लिहायला माझ्या दोन रात्री जात. २०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी सर्वांसाठी खुलं झालं आणि पाठोपाठ तसे बरेच प्रोग्रॅम आले. त्यांतला एक आम्ही वापरायला घेतला. विषय आणि शोधाचे शब्द द्यायचे, ‘मराठीत हजार शब्दांचा लेख लिही’ म्हणायचं, की चहा निवायच्या आत लेख तयार. दोन महिन्यांत आम्ही बावीस लेख चढवले. वेबसाइटवर येणाऱ्यांची संख्या वाढली. आम्हाला निधी देणाऱ्या संस्थेच्या तिमाही अहवालात ‘एकूण भेटी’ असा एक रकाना आहे, तो पहिल्यांदाच भरगच्च दिसला. सगळे खूश होते. मीही.

चूक कशी झाली

आता त्या लेखातली चूक पाहू. ती उगीचच कुठून तरी आलेली नव्हती, म्हणूनच जास्त धोक्याची होती.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५चा. तो २६ ऑक्टोबर २००६पासून लागू झाला. त्याच्या कलम १७नं बाईला ‘सामायिक घरात’ राहण्याचा हक्क दिला, मग त्या घरात तिची मालकी असो वा नसो. पण लगेच डिसेंबर २००६मध्ये बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्याचा अर्थ आखडता घेतला. सासूच्या मालकीचं घर हे सामायिक घर नव्हे, असं त्यात म्हटलं गेलं. पुढं चौदा वर्षं तोच निकाल प्रत्येक कोर्टात आपल्या तोंडावर मारला जात होता. ऑक्टोबर २०२०मध्ये सतीशचंद्र आहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंच तो अर्थ चुकीचा ठरवला. घर सासऱ्याच्या किंवा सासूच्या नावावर असलं, तरी सून तिथं संसार करून राहत असेल तर ते सामायिक घर ठरू शकतं. हा मालकीहक्क नव्हे आणि अमर्याद हक्कही नव्हे. कोर्ट वृद्ध सासू-सासऱ्यांची बाजूही बघतं, कधी सुनेची पर्यायी सोय करायला सांगतं. पण ‘हक्कच नाही’ आणि ‘हक्क आहे, कोर्ट तोलून बघेल’ यांत एका बाईच्या डोक्यावरच्या छपराचा फरक आहे.

यंत्रानं लिहिलं ते २००६चं. असं का झालं असावं? हे प्रोग्रॅम कायदा शिकलेले नसतात. माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर त्यांना वाचायला घातलेला असतो, आणि एका शब्दापुढं कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, याच्या हिशोबानं ते वाक्यं रचतात. एखादी गोष्ट चौदा वर्षं ठिकठिकाणी लिहिली गेली असेल, तर ती नंतरच्या चार-पाच वर्षांत पुसली जात नाही. त्यातून इंटरनेटवर मराठी मजकूर इंग्रजीच्या मानानं अगदी थोडा. हा माझा अंदाज आहे, पण बाकीचे एकवीस लेख मी नंतर आमच्या वकील मैत्रिणीसोबत ओळ न् ओळ तपासले, तेव्हा तो पक्का होत गेला.

दोन लेखांत अजून ‘कलम ४९८-अ’ आणि ‘कलम १२५ खाली पोटगी’ होतं. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या. नवऱ्याच्या आणि सासरच्यांच्या क्रूरतेचं कलम आता ८५ आणि ८६, पोटगीचं १४४. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनंच कलम लागतं, हेही सांगायला हवं होतं. एका लेखात लिहिलं होतं की मोफत वकिलासाठी बाईचं उत्पन्न अमुक मर्यादेत हवं. साफ चूक. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते. एका लेखात दिलेला हेल्पलाइनचा नंबर मी लावून पाहिला, तो एका हार्डवेअरच्या दुकानात लागला.

आणखी एक चूक आमच्या भागाच्या दृष्टीनं गंभीर होती. ‘जिथं मारहाण झाली तिथल्याच कोर्टात अर्ज करावा’ असं एका लेखात होतं. आमच्या मराठवाड्यातून दर वर्षी हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. फडावर मार खाल्लेल्या बाईनं मग काय परत कारखान्याच्या गावी जाऊन अर्ज करायचा? २००५च्या कायद्याचं कलम २७ सांगतं की ती जिथं राहते, अगदी तात्पुरती राहते किंवा काम करते, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडेही तिला जाता येतं. ऊसतोडीच्या बाईसाठी या एका ओळीत सगळं आहे. ती ओळ यंत्राला सुचली नाही, कारण तिच्यासाठी फारसं कुणी लिहिलेलंच नाही.

सगळ्यांत भीतीदायक काय, तर या सगळ्या चुका ठाम, शुद्ध, सफाईदार भाषेत होत्या. एखादी नवी कार्यकर्ती चुकते तेव्हा अडखळते, ‘ताईंना विचारून सांगते’ म्हणते. त्या अडखळण्यानं बाई सावध होते. यंत्र अडखळत नाही.

शब्द कुणाचे?

कायद्याच्या चुका तपासून दुरुस्त करता येतात. भाषेचं तसं नाही.

यंत्राच्या पहिल्या खर्ड्यांत बाई कायम ‘पीडित महिला’ होती. ‘दोघांनी शांतपणे संवाद साधावा’, ‘रागाच्या क्षणी संयम बाळगावा’, ‘शक्यतो कुटुंबातील ज्येष्ठांचा सल्ला घ्यावा’ हे सल्ले जवळजवळ प्रत्येक लेखात होते. बलात्कारावरच्या लेखात ‘अब्रू’ होती. हा शब्द काढून टाकायला आपल्या चळवळीला किती वर्षं घासावं लागलं! १९७२च्या मथुरा प्रकरणात, आणि १९७८च्या त्या निकालानंतर उठलेल्या आंदोलनात, आपण हेच ओरडून सांगत होतो की हा हल्ला बाईच्या शरीरावर आणि मनावर आहे, घराण्याच्या इभ्रतीवर नव्हे. १९८३मध्ये कायदा बदलला. भाषा मात्र अजून पुरती बदललेली नाही, आणि यंत्र समाजाची चालू भाषाच परत आपल्या पदरात घालतं. ते बायकांच्या विरोधात आहे असं मी म्हणत नाही. जे जास्त लिहिलं गेलं ते त्याला नैसर्गिक वाटतं, एवढंच. पण जास्त काय लिहिलं गेलंय, हे आपल्याला सांगायला नको.

आता नाण्याची दुसरी बाजू. बायका कोणत्या शब्दांनी शोधतात हे बघायला बसले, तेव्हा मला आपलीच भाषा उघडी पडलेली दिसली. ‘कौटुंबिक हिंसाचार’ हा आपला आवडता शब्द. मार खाणारी बाई तो वापरत नाही. ती म्हणते ‘त्रास’, ‘मारझोड’, ‘नांदवत नाही’, ‘टाकून दिलं’, ‘खर्चाला देत नाही’. पुष्कळजणी मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहितात, आणि ज्यांना लिहायला जड जातं त्या फोनशी बोलतात. एमएसडब्ल्यूला असताना आम्हाला केस लिहायला शिकवलं होतं, की बाईच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे उतरवा, त्याचं शुद्ध मराठी करू नका. मी आमच्या जुन्या नोंदवह्या काढल्या. गेल्या दहा वर्षांतल्या बायकांचे पहिले वाक्य काय, ते वेगळ्या कागदावर उतरवलं. ‘माझ्यावर अत्याचार होतो’ असं एकीनंही सुरुवातीला म्हटलेलं नाही. ‘त्याला राग लई येतो’ असं कितीजणींनी म्हटलंय!

मग प्रश्न येतो, की बाई ज्या शब्दानं शोधते तो शब्द आपल्याला पटत नसला तर? ‘टाकलेली बाई’ हा शब्द आपण सोडला, आधी ‘परित्यक्ता’ म्हटलं, मग ‘एकल महिला’ म्हणू लागलो. पण ‘नवऱ्याने टाकून दिले’ असं लिहून शोधणारीला ‘एकल महिलांचे हक्क’ हे शीर्षक सापडेलच असं नाही. यावर आमच्या बैठकीत दोन तास वाद झाला. शेवटी आम्ही ठरवलं ते असं: तिच्या त्रासाचे शब्द शीर्षकात घ्यायचे, तिला दोष देणारे शब्द घ्यायचे नाहीत. ‘नवऱ्याने टाकून दिलं, आता पुढे काय?’ हे चालेल. ‘अब्रू’ चालणार नाही, मग लेख शोधात खाली गेला तरी बेहत्तर. आणि लेखाच्या आत, दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात, तिच्या शब्दाकडून आपल्या शब्दाकडे तिला हात धरून आणायचं. ‘मुलगी झाली हो’ हे नाटक १९८३पासून खेडोपाडी गेलं ते बायकांच्या तोंडची बोली घेऊन, पण परतताना त्यांच्या हाती नवा विचार देऊन. लेखानंही तेवढं केलं पाहिजे. हे यंत्राला आपण होऊन सुचत नाही, कारण कोणत्या शब्दाचा कुणाला काय जाच झाला, हे त्यानं सोसलेलं नाही.

दोन गोष्टी ज्या कुणी मोजत नाही

पहिली, बाईची सुरक्षितता. लेख चांगला सापडतो याचा अर्थ तो तिच्या फोनमध्ये उमटूनही राहतो. आमच्याकडे येणाऱ्या बायकांपैकी अनेकींचा फोन नवरा तपासतो. काहींचा फोन तर नवऱ्याचाच असतो. ‘नवऱ्याविरुद्ध तक्रार कशी करावी’ हे शीर्षक उघड्या पानावर दिसलं तर त्या रात्री काय होईल? शोधात वर येण्याच्या कोणत्याही तंत्रात हा विचार नाही. आता आम्ही प्रत्येक पानावर वरच्या बाजूला ‘लगेच बाहेर पडा’ असं बटण ठेवलंय. ते दाबलं की हवामानाचं पान उघडतं. शोधाचा इतिहास कसा पुसायचा हे लेखाच्या सुरुवातीलाच दोन ओळींत लिहितो.

याच संदर्भात एक कबुली. आमच्या एका कार्यकर्तीनं अर्जाचा मसुदा लवकर व्हावा म्हणून एका बाईची सगळी हकिकत, नाव-गाव-जातीसकट, त्या प्रोग्रॅममध्ये टाकली होती. तिचा हेतू चांगला होता. पण तो मजकूर कुठल्या कंपनीच्या संगणकावर जातो, किती दिवस राहतो, कशासाठी वापरला जातो, यावर आपला काहीही ताबा नाही. कुलूपबंद कपाटातली केस-फाइल आपण भर चौकात उघडून बसणार नाही. हे त्याहून वेगळं नाही.

दुसरी गोष्ट, श्रम. यंत्रानं माझा वेळ वाचवला का? सुरुवातीला वाचला. पण वाचलेला वेळ बायकांसाठी गेला नाही. ‘महिन्याला दोन लेख’चे ‘महिन्याला दहा’ झाले, कारण आता जमतंय ना! मिक्सर आल्यावर बाईला विश्रांती मिळाली नाही, रोजच्या चटणीच्या जागी दोन चटण्या आल्या, तसंच हे. अहवालाचा रकाना भरत गेला आणि तपासायला कुणाला सवड उरली नाही. त्या बाईचं घर सुटलं ते या घाईत. दोष एकट्या यंत्राला देऊन मी मोकळी होऊ शकत नाही.

मग वापरायचंच नाही का?

आमच्या संघटनेतल्या ज्येष्ठ ताईंचं मत स्पष्ट आहे: बंद करा. त्या म्हणतात, “आपल्या नावावर लोक विश्वास ठेवतात, कारण त्यामागे माणसं आहेत. जे आपण लिहिलंच नाही त्याखाली आपलं नाव घालणं ही फसवणूक आहे.” त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, आणि त्या दिवसापासून हे वाक्य माझ्या कानात आहे.

तरीही मी पूर्ण बंदीच्या बाजूची नाही. एक कारण व्यवहाराचं. आमच्या केंद्रात तीन पूर्णवेळ कार्यकर्त्या आहेत. लांबलचक लेखाची छोटी आवृत्ती करणं, पोटशीर्षकं पाडणं, बायका कोणकोणते प्रश्न विचारू शकतील याची यादी करणं, माझ्या लेखात कुठं वाक्य अवघड झालंय ते दाखवणं, हे काम ते यंत्र चांगलं करतं. ते नाकारून मी रात्री जागून काय सिद्ध करणार?

दुसरं कारण मोठं आहे. आपण लिहिणं थांबवलं म्हणून यंत्र बोलायचं थांबत नाही. आता शोधयंत्रच अनेकदा सगळ्यांच्या वर स्वतःचं तयार उत्तर देतं, आणि बाई खालचं पान उघडतही नाही. ते उत्तर इतरांनी लिहिलेल्या मजकुरातूनच येतं. मराठीत त्या विषयावर वश करणारे बाबा आणि ‘संसार टिकवा’वालेच लिहीत राहिले, तर यंत्राच्या तोंडी तेच येणार. तिथं आपलं, तपासलेलं, बाईच्या बाजूचं मराठी असणं हे आज चळवळीचंच काम आहे.

आणि गंमत बघा. गुगलनं फेब्रुवारी २०२३मध्ये सांगितलं की मजकूर यंत्रानं लिहिला एवढ्यावरून आम्ही तो वाईट मानणार नाही, तो उपयोगाचा आहे का ते बघू. मार्च २०२४मध्ये नियम कडक केला, की केवळ क्रमवारीत वर येण्यासाठी ढिगानं पाडलेली निरुपयोगी पानं, मग ती यंत्रानं पाडलेली असोत वा माणसानं, आम्ही खाली ढकलू. चांगल्या मजकुराच्या त्यांच्या कसोट्यांत डिसेंबर २०२२पासून ‘प्रत्यक्ष अनुभव’ हीही एक आहे. म्हणजे बाजाराच्या हिशोबानंसुद्धा आपली खरी पुंजी म्हणजे आपल्या नोंदवह्या, कोर्टाच्या पायऱ्या झिजवून मिळालेलं शहाणपण, कोणत्या टेबलावर कोणता कागद अडतो हे ज्ञान. ते कुठल्याच यंत्राकडे नाही. बावीस गुळगुळीत लेखांपेक्षा ‘आमच्या तालुक्यात संरक्षण अधिकारी कुठं बसतात आणि जाताना काय काय कागद न्यावेत’ हा माझ्या हातानं लिहिलेला पानभर मजकूर आज सर्वांत जास्त वाचला जातो.

बावीसपैकी तेरा लेख आम्ही काढून टाकले. उरलेले नव्यानं लिहिले. आणि पुढच्यासाठी काही नियम केले, ते इथं चर्चेसाठी ठेवते:

१. आधी माणसानं लिहायचं, मग यंत्राला दाखवायचं. कोऱ्या कागदावर पहिला शब्द यंत्राचा नको.

२. कायदा, कलम, तारीख, फोन नंबर, पत्ता, वैद्यकीय सल्ला, यांतलं काहीही यंत्राकडून घ्यायचं नाही. ते मूळ कायद्यावरून आणि स्वतः फोन लावून.

३. कोणत्याही बाईची हकिकत, नाव बदलूनसुद्धा, त्यात टाकायची नाही.

४. प्रत्येक लेखाखाली तपासणाऱ्या कार्यकर्तीचं किंवा वकिलाचं नाव आणि तपासल्याची तारीख. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी; नाही झाली तर लेख काढून ठेवायचा.

५. लेख चढवण्याआधी केंद्रात आलेल्या दोन बायकांना तो मोठ्यानं वाचून दाखवायचा. त्या ‘म्हंजी काय?’ म्हणाल्या की तिथं दुरुस्ती.

६. यंत्राची मदत घेतली असेल तर लेखाखाली तसं स्पष्ट लिहायचं. ताईंच्या आक्षेपाला माझ्याकडे आज एवढंच उत्तर आहे.

७. निधी देणाऱ्यांना सांगायचं, की लेखांची संख्या मोजू नका. लेख वाचून केंद्रात किती बायका आल्या ते विचारा. आम्ही सांगितलं. रकाना अजून तोच आहे, पण खाली टीप लिहायची परवानगी मिळाली.

एकट्या-दुकट्या संघटनेला हे पेलणारं नाही. कोकणातली संघटना एक लेख तपासते, विदर्भातली तोच पुन्हा लिहिते, आम्ही तिसऱ्यांदा. कायद्यावरच्या लेखांची जिल्हावार वाटणी करून एकमेकींचे लेख का वापरू नयेत? बायका त्रास सांगताना वापरतात त्या शब्दांची, बोलीबोलींतली, एक सामायिक यादी का करू नये? अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलणारी बाई कोणत्या शब्दानं शोधते हे मला मराठवाड्यात बसून कळणार नाही.

त्या बाईचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. घरात परत राहता यावं आणि पोटगी मिळावी म्हणून आम्ही तिच्यासाठी अर्ज केला. पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. आठ महिने झाले, तारखा चालू आहेत. घरात असताना ‘मला काढू नका’ म्हणणं आणि बाहेर पडून चार महिने झाल्यावर ‘मला परत घ्या’ म्हणणं, यांत किती अंतर आहे हे कोर्टात काम करणारी प्रत्येक मैत्रीण जाणते. ती भाड्याच्या खोलीत राहते, शिवणकाम करते. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “जाऊ द्या ताई, तुमी काय मुद्दाम केलं का?”

मुद्दाम केलं नाही हे खरं. पण तिनं मोठ्या मनानं सोडलं म्हणून मी स्वतःला सोडणं बरोबर नाही. ज्या पानावर आपलं नाव आहे ते वाचून उद्या रात्री कुणीतरी घर सोडायचं की नाही हे ठरवणार आहे. आपापल्या केंद्रात हा विषय बैठकीत घ्या. तुमचे अनुभव, तुमचे नियम, मला न पटणारं काही असेल तर तेही, पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा.